गोदाताईंची सातवी अळंबी

गोदाताई गेल्याचा निरोप मला गोदाताईंकडूनच आला. इथे आयर्लंडमध्ये, माझ्या ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसात सकाळची मीटिंग चालू होती, कोणीतरी कालच्या रिलीजमध्ये काय काय फुटलं ते लांबण लावून सांगत होतं, आणि फोन टेबलावर थरथरला. मेसेज असा होता : "मी मंगळवारी गेले. घाईघाईने गाडी चालवत येऊ नकोस, मी आता कुठे जात नाही. सँडविचेस बरी असतील, ईफाला तशी ताकीद दिली आहे." ईफा म्हणजे त्यांच्या नवऱ्याची भाची, पोर्टलीशला राहणारी. मजकूर त्यांनी महिनाभर आधीच तिच्याकडून लिहून घेतला होता, फक्त वाराची जागा मोकळी ठेवली होती. मी भर मीटिंगमध्ये आधी खुदकन हसले आणि मग जे रडायला लागले ते थांबेचना. आमचा मॅनेजर गोंधळून म्हणाला, "यू ग्रँड?" इथल्या बोलीत 'ग्रँड' म्हणजे ठीक, छान. मी म्हटलं, "अजिबात नाही," तेही मराठीत. त्याला कळलं बहुतेक. माझी पर्स त्यानेच उचलून हातात दिली.

त्याला आता दीड महिना झाला. गोदलीव हे त्यांचं खरं नाव. मूळच्या बेल्जियमच्या, गेंट शहरातल्या. शिकल्या वनस्पतिशास्त्र, पण पानाफुलांत काही त्यांचा जीव रमला नाही, सगळा जन्म बुरशीत गेला. पंचविशीत आयर्लंडच्या जंगलातल्या अळंब्या बघायला म्हणून आल्या, वनखात्यातल्या डोनल नावाच्या माणसाशी लग्न केलं आणि इथेच राहिल्या. जगाला ठाऊक नसलेल्या सात जातींच्या अळंब्या त्यांनी शोधल्या, त्यांना नावं दिली. आता पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला नुसतं 'गोदलीव' म्हणून हाक मारायची इथली पद्धत असेल, माझ्या तोंडी ते येईना. मी आपलं गोदाताई केलं. त्यांनी विचारलं, ताई म्हणजे काय? म्हटलं, मोठी बहीण. "मी तुझ्या आईच्या वयाची आहे," त्या म्हणाल्या. म्हटलं, "माझ्या आईला आवडणार नाही, पण तुम्हाला ताईच ठीक." त्यांना ते पटलं. पुढे पोस्टमनलाही सांगायला लागल्या की माझं नाव गोडाटाई.

ओळख झाली ती आमच्या हिरवळीवर. ल्यूकनला घर घेतल्याला महिना झाला होता, समीर, माझा नवरा, मोठ्या उत्साहाने नवंकोरं गवत कापायचं यंत्र बाहेर काढत होता, तेवढ्यात समोरच्या घरातून एक उंच बाई रेनकोट घालून धावत आल्या आणि काही न बोलता आमच्या गवतावर पालथ्या पडल्या. वर पाऊस. माझी ईरा तेव्हा पाच वर्षांची, ती खिडकीतून ओरडली, "मॅम, इज युअर वन डेड?" इथल्या बोलीत 'युअर वन' म्हणजे 'ती बाई', शाळेत जाऊन तीन आठवड्यांत पोरगी हे शिकली होती. मी छत्री घेऊन धावले. बाई जिवंत होत्या. डोळ्याला भिंग लावून नाण्याएवढ्या तपकिरी छत्रीकडे बघत होत्या, जिला मी पुण्यात कुत्र्याची छत्री म्हणून पायाने उडवलं असतं. "आठ दिवस इथे कापू नका," त्या म्हणाल्या. ओळख ना पाळख, आणि थेट हुकूम! मला रागच आला. पण मी पुण्याला एमएस्सी बॉटनी केलंय असं माझ्या तोंडून निघून गेलं, आणि संपलं. "मग इथे काय करतेस?" सॉफ्टवेअर टेस्टिंग, म्हटलं. "म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधतेस." हो. "वा! म्हणजे कामाची आहेस." आमचं गवत त्या वर्षी गुडघ्याएवढं वाढलं आणि वसाहतीच्या कमिटीचं पत्र आलं, ते वेगळंच.

त्यांच्या घराची मला सवय व्हायला वेळ लागला. आयरिश घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, हॉट प्रेस म्हणतात, त्यात लोक टॉवेल ऊबदार ठेवतात. गोदाताईंच्या हॉट प्रेसमध्ये टॉवेलांच्या मधे मधे अळंब्या वाळत घातलेल्या. हात पुसला की जंगलात गेल्यासारखा वास. फ्रिजमध्ये डब्यात सशाच्या लेंड्या, त्यांवर उगवणाऱ्या बुरशीसाठी जपलेल्या, "हात लावू नये" अशी चिठ्ठी लावलेल्या. कोण लावतंय हात! वाळलेले नमुने घडीच्या कागदी पाकिटांत, आणि पाकिटांसाठी जुनी बिलं, ईराच्या शाळेची पत्रकं, जे हाती येईल ते. एकदा मी हौसेने मटार-मश्रूम करून नेलं. त्यांनी झाकण उघडलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "मी सहकाऱ्यांना खात नाही." जन्मभर अळंब्यांत राहून बाईने एकही अळंबी तोंडात घातली नव्हती! लिंबाचं लोणचं मात्र पावाला लोण्यावर फासून खायच्या, आणि बरणी संपली की रिकामी बरणी आमच्या दारात आणून ठेवायच्या, न बोलता.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही... आधी मधला भाग पुसट झाला. कडेचं दिसायचं, ज्याच्याकडे बघावं तेच दिसायचं नाही. ज्या बाईने आयुष्यभर नजर रोखून बघण्याचंच काम केलं तिला हे व्हावं, मला फार वाईट वाटलं. त्यांनी दोन दिवस घर बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी आमची बेल. "शनिवारी काय करतेस?" ईराचं पोहणं, म्हटलं. "ते झाल्यावर माझे डोळे हो."

काम असं होतं. फिनलंडच्या एका विद्यार्थिनीने त्यांना पत्र पाठवलं होतं, अगदी अदबीने, की तुमच्या सात जातींपैकी एकदोन कदाचित आधीच कोणीतरी नोंदवलेल्या असाव्यात, चूकभूल द्यावी घ्यावी. गोदाताईंना राग आला तो पत्राचा नाही, अदबीचा. "मी मेल्यावर सगळे असेच हळू आवाजात माझ्या चुका काढतील. त्यापेक्षा मी जिवंत असताना मोठ्याने काढते." सातही अळंब्या पुन्हा तपासायच्या ठरल्या. नमुने जुने, त्यांतून डीएनए काही धड निघाला नव्हता, तेव्हा जुनी पद्धतच : वाळलेला कण भिजवायचा, काचेवर दाबायचा, मायक्रोस्कोपखाली त्याचे बीजाणू शोधायचे आणि एकेकाची लांबी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजायची. एका नमुन्याचे तीस. मी मोजून आकडा सांगायचा, त्या जाड मार्करने भल्यामोठ्या अक्षरांत उतरवून घ्यायच्या. माप दुसऱ्यांच्या जुन्या नोंदींपेक्षा वेगळं निघालं तर जात टिकली, सारखं निघालं तर गेली.

पहिल्या सहा जातींना पाच महिने लागले. चार टिकल्या, दोन गेल्या. पहिली गेली तेव्हा मला धस्स झालं, त्या मात्र उठल्या, बाटली काढली, दोन छोटे ग्लास भरले आणि म्हणाल्या, "एक ओझं कमी." दुसरी गेली तेव्हा म्हणाल्या, "ही मला कधी आवडलीच नव्हती." शनिवारचे ते दोन तास मला आठवडाभर पुरायचे. ऑफिसात दिवसभर स्क्रीनकडे बघणारी मी तिथेही भिंगातच बघत बसायचे, पण वीस वर्षांपूर्वी बासनात बांधून ठेवलेलं माझं शास्त्र कोणीतरी हात धरून परत आणून दिलंय असं वाटायचं. घरी येऊन समीरला बीजाणूंची मापं सांगायचे. तो बिचारा हं हं करायचा.

राहिली सातवी. मुद्दाम शेवटी ठेवलेली. खरं म्हणजे ती त्यांची पहिली. पोर्टलीशजवळच्या स्लीव्ह ब्लूमच्या डोंगरांत, डोनलबरोबर फिरताना, हॉलीच्या झाडाच्या कुजक्या फांदीवर मिळालेली. रंगाने मोरपिशी, उंची नखाएवढी. तिला त्यांनी डोनलचं नाव दिलं होतं. डोनलना जाऊन दहाबारा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. "त्याच्या नावाचं एवढंच आहे," त्या एकदा म्हणाल्या होत्या, सहज, कॉफी ढवळत. त्या वाक्याने माझा घात केला.

मी पहिला बीजाणू मोजला. आठ. जुन्या नोंदीतल्या, कोणा स्वीडिश माणसाच्या अळंबीचा आकडा आठ ते नऊच होता. गोदाताईंचा दहा ते बारा. म्हटलं, असेल एखादा लहान. दुसरा साडेसात. तिसरा साडेआठ... त्या मार्कर हातात धरून वाट बघत होत्या, चेहरा खिडकीकडे. मी म्हटलं, "साडेदहा."

आणि मग काय, सुटलेच मी. अकरा. साडेदहा. दहा. आमच्यात हे बाळकडूच असतं ना. आजाऱ्याला बघायला गेलं की "छान दिसतेय तब्येत", नव्या सुनेच्या खारट आमटीला "मस्त झालीय", कोणाचं मन दुखवायचं नाही. मला त्यात खोटं बोलल्यासारखं वाटतही नव्हतं. पुण्यकर्म केल्यासारखं वाटत होतं. दिवसभर पोरांच्या कोडमधल्या चुका काढून त्यांना रडवणारी मी, तिथे तीस आकडे घडाघडा रचून दिले.

त्यांनी मार्करचं टोपण लावलं. कागद डोळ्यांच्या कडेशी धरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. "वैशाली," त्या म्हणाल्या, "एक बीजाणू सापडायला तुला अर्धा मिनिट लागतं. आज पाच सेकंदांत एक. आणि तिसात एकही बुटका नाही, एकही लांबोडका नाही. हे आकडे कुठून आणलेस? तुझ्या ऑफिसात कोणी असा रिपोर्ट दिला तर काय करशील?" मी म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..." "मला आंधळी समजलीस ते चालेल," त्या म्हणाल्या. आवाज चढलाच नाही, तेच लागलं. "मी दुबळी आहे असं तू ठरवलंस. घरी जा."

मी घरी आले ती तणतणत. डोंबलाचं शास्त्र! म्हाताऱ्या बाईला चार दिवस सुखाने राहू द्यावं म्हटलं तर हे. आठ दिवस मी समोरच्या दाराकडे बघितलं नाही. नवव्या दिवशी ऑफिसात एका नव्या मुलीने न चालवलेल्या टेस्टवर "पास" असं लिहिलेलं सापडलं. मी तिला झापायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "सॉरी, सगळे खूश व्हावेत म्हणून..." मी तशीच उठून बस पकडली. ल्यूकनपर्यंत खिडकीला डोकं टेकून बसले होते, स्वतःचीच लाज वाटत होती.

गोदाताईंनी दार उघडलं. मी माफीचं भाषण तयार करून गेले होते, तीन मुद्दे होते. त्यांनी ते ऐकून घेतलं नाही. "बस. मोज." मी मोजले. आठ, साडेसात, नऊ, एक चक्क सहा, एक वेडावाकडा साडेनऊ. तीस व्हायला पाऊण तास लागला. शेवटचा आकडा लिहून त्यांनी मार्करचं टोपण लावलं. सातवी गेली होती. ती स्वीडिश माणसाचीच अळंबी होती, डोनलची नव्हती. मला वाटलं, आता रडतील. मी रडलेच. त्या म्हणाल्या, "थांब जरा. मी एवढी कशी चुकले? आकडे तर मी स्वतः मोजले होते."

मायक्रोस्कोपच्या आत एक इवलीशी पट्टी असते. तिच्या रेघांना स्वतःचं असं माप नसतं. भिंग बदललं की काचेवरच्या खऱ्या पट्टीशी ती पुन्हा जुळवून घ्यायची, नाहीतर सगळंच मोठं किंवा सगळंच छोटं येतं. हे आम्हाला एफवायला शिकवतात. गोदाताईंनी त्या वर्षीची वही काढायला लावली. दर आठवड्याच्या पानावर जुळवणीचा रकाना, न चुकता भरलेला, तारीख-सही सकट. स्वतःचा मायक्रोस्कोप दुरुस्तीला दिला म्हणून कॉलेजातून दुसरा मागून आणलेला, तशी नोंद. आणि त्या एका आठवड्याचा रकाना कोरा. मी सांगितलं, "रिकामा आहे." "काहीच नाही?" "काहीच नाही. खाली एक फूल काढलंय." त्यांनी डोळे मिटले आणि अशा हसायला लागल्या की चष्मा काढून ठेवावा लागला. "मी प्रेमात होते गं! पट्टी जुळवायची राहिली!" मग मीही हसायला लागले. ईरा मला जेवायला बोलवायला आली तर आम्ही दोघी टेबलावर डोकं टेकून हसत होतो. "युज आर माड," म्हणजे तुम्ही दोघी वेड्या आहात, असं म्हणून ती आमच्यातच येऊन बसली.

मग त्यांनी मला निवेदन सांगितलं आणि मी टाइप केलं. दीड पान, त्यातला मोजणीचा परिच्छेद तेवढा त्यांनी मला लिहायला लावला. ही जात वेगळी नाही, माझी मोजणी चुकली, कारण पट्टी जुळवलेली नव्हती. मी विचारलं, का जुळवली नव्हती तेही लिहायचं का? "संपादक विचारतील तर लिहू." खाली दोन नावं : त्यांचं आणि माझं. मी नको नको म्हटलं. "चूक माझी आहे, मोजणी तुझी आहे. दोघींची नावं पाहिजेत." एका लहानशा मासिकात ते छापून आलं. माझं नाव शास्त्राच्या कागदावर आलेलं ते पहिलं आणि बहुतेक शेवटचं, आणि तेही काय, तर 'अमुक अळंबी अस्तित्वात नाही' हे सांगायला. माझ्या आईने पुण्यात सोसायटीभर सांगितलं की वैशालीने शोध लावला.

हिवाळ्यात त्यांना एकटीने राहणं जमेना, तेव्हा ईफा त्यांना पोर्टलीशला घेऊन गेली आणि वसंतात तिथल्याच हॉस्पिटलात ठेवावं लागलं. शेवटची भेट तिथली. खूप बारीक झाल्या होत्या. आत शिरताशिरता माझ्या जिभेवर ते "छान दिसताय" आलंच होतं... मी ते गिळलं. म्हटलं, "गोदाताई, फार वाळलात हो." त्यांचा चेहरा असा उजळला! "शेवटी एक जण खरं बोललं. सकाळपासून सगळे ग्रँड, ग्रँड म्हणतायत." मग मला छापलेला दीड पानांचा लेख वाचून दाखवायला लावला आणि कसा वाटला विचारलं. म्हटलं, दुसरा परिच्छेद कंटाळवाणा आहे. "तो तू लिहिलायस," त्या म्हणाल्या. निघताना माझा हात हातात घेऊन ठेवला बराच वेळ. मला त्यांची फार आठवण येते. अजूनही शनिवारी अकरा वाजले की मी उगाच चप्पल शोधते.

अंत्यविधी हसत-हसत झाला, त्यांना हवा तसा. लोक रांगेने येऊन हात हातात घेत होते, "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणत होते, आणि मलाही, जणू मी घरचीच. सँडविचेस बरी होती. निघताना ईफाने मला एक कागदी पाकीट दिलं. सातवी अळंबी. म्युझियमला द्यायची होती, पण त्याआधी तिच्यावर दुरुस्तीची चिठ्ठी लावायची होती, आणि ती वैशालीनेच लिहायची, असं गोदाताई सांगून गेल्या होत्या.

या धंद्यात एक रीत आहे. नमुन्याच्या पाकिटावरचं पहिलं नाव चुकीचं ठरलं तरी ते खोडायचं नाही, फाडायचं नाही. नवं नाव, मोजणाऱ्याची सही आणि तारीख वेगळ्या चिठ्ठीवर लिहायची आणि जुन्याच्या खाली डकवायची. पुढे कोणीही पाकीट हातात घेतलं तर त्याला दोन्ही दिसतात. मला हे ठाऊक होतं, तरी पाकीट महिनाभर स्वयंपाकघरात पडून होतं. माझ्या हाताने त्या डोनलचं नाव मागे सारायला मन होईना.

गेल्या रविवारी बसले एकदाची. चिठ्ठी लिहिली : स्वीडिश माणसाने दिलेलं नाव, बीजाणू सहा ते साडेनऊ, मोजले तीस, माझी सही. गोंद लावण्याआधी जागा बघायला म्हणून पाकीट उजेडात धरलं. जुन्या नावाखाली पेन्सिलीची एक फिकट ओळ होती, त्यांच्या मायबोलीत. मोजताना ती मी पाहिली होती, मातीबद्दल किंवा झाडाबद्दल असेल म्हणून सोडून दिली होती. या वेळी फोन तिच्यावर धरला आणि भाषांतर करायला लावलं. पडद्यावर आलं : "हॉलीचं कुजकं लाकूड. पाऊस. डी.ने विचारलं. मी हो म्हटलं."

मी ते समीरला वाचून दाखवलं, ईराला दाखवलं. मग माझी चिठ्ठी त्या ओळीच्या खाली डकवली, गोंद पेन्सिलीपर्यंत जाणार नाही इतकी खाली, आणि पाकीट वाळत ठेवलं... आमच्या हॉट प्रेसमध्ये, टॉवेलांच्या मधे.